पुस्तकात नाही

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या पावसकर काकू सिनेमाला निघाल्या की पिशवीत तीन वस्तू घेतात. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढलाय ती कादंबरी, एक पेन्सिल आणि एक छोटी बॅटरी. काळोख होऊन पडद्यावर नावं यायला लागली की त्या कादंबरी मांडीवर उघडतात, बॅटरी पदराखाली धरतात आणि पुढचे दोन-अडीच तास त्यांची मान वर-खाली, वर-खाली होत राहते. पडद्यावर कुणी पुस्तकाबाहेरचं बोललं की त्यांच्या तोंडून निघतं, "पुस्तकात नाही." आपण हे मनातल्या मनात म्हणतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी असतो. माझा गुन्हा एवढाच, की माझ्याकडे स्कूटर आहे. मला सिनेमा मनापासून आवडतो. नायिका रडली की मी रडतो, नायक हाणामारीला उतरला की माझ्या मुठी वळतात. अशा माणसाला ऐन वेळी शेजारून "अख्खा परिच्छेद गाळला मेल्यांनी" असं ऐकू आलं तर त्याने रडायचं कसं? एकदा डोअरकीपर आला आणि आमच्यावर झोत टाकून म्हणाला, "आजी, बॅटरी बंद करा." काकूंनी शांतपणे वर बघितलं. "तुझी पण चालूच आहे की रे." तो स्वतःची बॅटरी विझवून काळोखात धडपडत परत गेला.

सगळ्याच सिनेमांना काकू असं करतात असं नाही. प्रेमाबिमाच्या कादंबरीवरचा सिनेमा असला तर त्या येतच नाहीत. "त्यात काय ताडून बघायचं? दोघं भेटतील, नाय तर नाय भेटणार." त्यांना लागते विचारांची कादंबरी. म्हणजे जिच्यात नायक निदान एकदा तरी गर्दीसमोर उभा राहून समाज कसा असावा हे सविस्तर सांगतो. विचार डावा असो, उजवा असो, काकूंना दोन्ही चालतात. एका कादंबरीतला नायक त्यांच्या घरच्या मतांच्या अगदी उलट होता. सरकारने कुणाला फुकट काही देऊ नये, असं तो ग्रामसभेत उभा राहून पंचवीस पानं सांगतो. सिनेमात त्याला दोन वाक्यं दिली आणि लगेच गाणं सुरू झालं. काकू घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या. स्कूटरवर मागून माझ्या कानात म्हणाल्या, "मला त्याचं एक अक्षर पटत नाही. पण बोलू तर द्याल की नाय त्याला?"

सिनेमावाल्यांवर त्यांचा मुख्य आक्षेप समुद्राबद्दल आहे. कादंबरीत नायक चार पानं विचार करतो आणि सिनेमात तो समुद्राकडे बघत उभा राहतो. "समुद्राकडे बघणं म्हणजे विचार काय? आमच्या केळशीला अर्धा गाव समुद्राकडे बघतो. होडी आली काय ते बघतात." काकूंचं माहेर केळशीचं, त्यामुळे या विषयात त्यांना उलट बोलायची सोय नाही.

पुढे असे सिनेमे घरबसल्या टीव्हीवर दिसायला लागले आणि आमच्या घरातला रिमोट काकूंच्या हाती गेला. थिएटरात त्यांना सिनेमा थांबवता येत नव्हता, ही त्यांची एकच अडचण होती. ती दूर झाल्यावर काय झालं ते विचारू नका. रविवारी सुरू केलेला सिनेमा आम्ही गुरुवारी संपवला. नायकाला गोळी लागलेली आणि तो सोमवारभर आमच्या हॉलमध्ये छातीवर हात ठेवून तिरका उभा. माझी बायको सुनीता त्याच्यासमोर बसून भाजी निवडत होती. "याचं काय ते एकदा करून टाका," एवढंच ती म्हणाली.

आता ही खोड कुठून आली ते सांगतो. काकूंनी सगळी नोकरी एका छापखान्यात प्रूफं तपासण्यात काढली. त्या कामाची एक पद्धत असते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या प्रूफावर डोळे ठेवायचे. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून भागत नाही, विरामचिन्हंसुद्धा उच्चारावी लागतात. काकू अजून तसंच वाचतात. आमच्या सोसायटीची नोटीस त्यांनी वाचून दाखवली तर ती अशी ऐकू येते: "सर्व सभासदांना कळवण्यात येते की स्वल्पविराम उद्या पाणी येणार नाही पूर्णविराम." तर त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे प्रूफ आणि कादंबरी म्हणजे मूळ प्रत. प्रूफ मुळाशी जुळलं पाहिजे. न जुळलं तर चूक प्रूफाची.

आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मूळ प्रत त्यांच्या घरातल्याच माणसाने लिहिली होती.

काकूंचे यजमान कॉम्रेड पावसकर. यजमान म्हटलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं, कारण त्या शब्दात सरंजामशाही आहे. 'अहो'मध्येही ती आहे असं त्यांनी लग्नानंतर लगेच सांगितलं, म्हणून काकू त्यांना चारचौघांत 'कॉम्रेड' म्हणायला लागल्या. "कॉम्रेड, चहा निवतोय." सासूबाई म्हणे हे ऐकून देवघरात जाऊन बसायच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणींतल्या मजुरांची संघटना बांधायची म्हणून कॉम्रेड सदा गावोगाव फिरतीवर असत, आणि घर काकूंच्या प्रूफांवर चालत असे. अशा फिरतीत त्यांनी एक कादंबरी लिहिली, 'तांबडा चिरा'. तिची आवृत्ती अजून संपलेली नाही. ती संपवायचा काकूंचा उपाय म्हणजे आळीतल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरीला एकेक प्रत देणे. आमच्याकडे दोन आहेत. कॉम्रेडना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. खेडला सभेसाठी म्हणून गेले आणि तिथूनच त्यांना गाडीत घालून आणलं.

कादंबरीची गोष्ट मी सांगून टाकतो, कारण ती वाचलेला माणूस तुम्हाला सहज भेटणार नाही. मुरारी नावाचा खाणीतला मजूर. तो शिकतो, जागा होतो, संप उभारतो, एक अख्खं प्रकरण भाषण करतो. त्याची बायको चंद्रा घर सांभाळते. शेवटच्या पानावर मुरारी रात्रीचा आपल्या घरावरून जातो. खिडकीत दिवा आहे, चंद्रा जागी आहे. तो थांबतो. पण पुढच्या गावात मजूर वाट बघत असतात, म्हणून तो आत न जाता तसाच पुढे चालू लागतो. संपलं.

गेल्या वर्षी या कादंबरीवर सिनेमा काढायचा म्हणून पुण्याहून तन्मय नावाचा एक दिग्दर्शक आला. त्याला ती रद्दीत सापडली होती, पण हे त्याने काकूंना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काकू त्या दिवसापासून जमिनीला पाय टेकवेनात. बाजारात कोळणीलासुद्धा त्यांनी सांगितलं. एरवी कॉम्रेडचं नाव कोण काढतं आता? ज्या मजुरांसाठी त्यांनी ते लिहिलं त्यांची मुलं मुंबईला नोकऱ्या करतात. सिनेमा निघाला तर चार माणसं त्यांचं म्हणणं ऐकतील, आणि ते ऐकायला काकू आहेत तोवर निघाला तर बरं, हे त्या उघड बोलत होत्या. पण अट एकच. "पुस्तकात आहे ते राहील, नाही ते येणार नाही. हे मान्य असेल तर बस, नाय तर पन्हं पिऊन जा."

तन्मय बसला. आमच्याच गॅलरीत बैठका व्हायच्या, कारण काकूंच्या घरात 'तांबडा चिरा'च्या गठ्ठ्यांमुळे जागा नव्हती.

"काकू, ॲक्च्युअली भाषणाचं जरा बघावं लागेल," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "इतकं लांब भाषण ऑडियन्स घेणार नाही."

"तू वाचलंयस काय ते?"

"म्हणजे, चाळलंय."

मग काकूंनी ते वाचून दाखवलं. "मजूर बंधूंनो उद्गारचिन्ह हा चिरा कोणी पाडला प्रश्नचिन्ह." तन्मयने सुरुवातीला वहीत काही टिपलं, मग नुसता बसला. सुनीताने मध्ये दोनदा चहा केला. भाषण संपलं तेव्हा समोरच्या घरातले दिवे लागले होते. शेवटी तडजोड अशी निघाली, की मुरारी एका जागी उभा राहून बोलणार नाही, खाणीत काम करता करता सिनेमाभर थोडं थोडं बोलेल. "भाषण तोडायचं नाही," काकू म्हणाल्या, "मधे चिरे पाडले तर चालतील."

गाण्याला नकार मिळाला. मोर्च्यातल्या घोषणा आहेत, त्यांनाच चाल लावा, असं सांगण्यात आलं. मग तन्मयने आपला हुकमी एक्का काढला. संपाचा प्रसंग धो धो पावसात. मजुरांच्या अंगावरून लाल पाणी वाहतंय, मुठी वर. तो उभा राहून दोन्ही हातांनी पाऊस दाखवत होता आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

"पुस्तकात नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, हा व्हिज्युअल आहे. थोडं स्वातंत्र्य तर..."

"अरे, पावसात चिरेखाणी बंद असतात. खाणीत पाणी भरतं. मजूर आपापल्या घरी शेती लावायला जातात. बंद खाणीत संप कसला करणार तू?"

तन्मय उभाच होता. त्याने हळूहळू हात खाली घेतले. तेव्हापासून तो काकूंना प्रत्येक गोष्ट विचारूनच करू लागला, आणि मला वाटतं त्याला ते आवडायलाही लागलं.

एक गोष्ट मात्र तो विचारत नव्हता. पटकथेची शेवटची पानं त्याने आधी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "सर, तुम्ही जरा वातावरण तयार करा." मी वाचली आणि मला घाम फुटला. पठ्ठ्याने मुरारीला घरात आणला होता. कादंबरीत जो माणूस दारावरून पुढे जातो तो सिनेमात कडी वाजवतो, आत येतो, चंद्रा त्याला वाढते आणि तो जेवतो. बस्स. कॉम्रेडच्या अख्ख्या कादंबरीचं जे टोक, तेच याने वाकवलं होतं. मी म्हटलं, तू परत पुण्याला जा आणि तिथून फोनवर सांग. पण तो भला माणूस. दुसऱ्या दिवशी आला, बसला आणि स्वतः वाचून दाखवू लागला. मी सुनीताला खुणेने पन्हं आत न्यायला सांगितलं.

काकू ऐकत होत्या. हातात कादंबरी होती, शेवटचं पान उघडं होतं, पेन्सिल कानाला लावलेली. तन्मयचं वाचून झालं. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, परत काढला. आम्ही दोघं त्या दोन शब्दांची वाट बघत होतो.

"वाढलंय काय त्याला?" काकूंनी विचारलं.

"अं?"

"तो जेवतो म्हणालास ना. पानात काय आहे?"

तन्मयने कागद उलटेपालटे केले. "ते... भात-आमटी असं काहीतरी. आर्ट डिपार्टमेंट बघेल."

"डिपार्टमेंटला काय कळतंय? थंडीचे दिवस आहेत, माणूस चालून चालून आलाय. कुळथाची पिठी कर म्हणावं, ऊन भात, नि सुका बांगडा भाजून. आणि हे बघ, तिने काही विचारायचं नाही त्याला. कुठे होतास, इतके दिवस का नाही आलास, काही नाही. आधी जेवू दे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एवढं लिही तिथे."

तन्मय लिहू लागला. त्याने काहीच विचारलं नाही. मला मात्र राहवेना. त्याला स्टँडवर सोडून आलो तेव्हा काकू गॅलरीतच बसून होत्या. मी म्हटलं, "काकू, हे पुस्तकात नाही."

"ठाऊक आहे. प्रूफं मीच बघितली ना."

मग त्यांनी सांगितलं. 'तांबडा चिरा'ची प्रूफं तपासताना मूळ प्रत कॉम्रेडनी वाचली होती. तेवढ्यासाठी ते आठवडाभर घरी राहिले होते, आणि लग्नानंतर ते सलग घरी राहिल्याचा तेवढाच एक आठवडा काकूंना आठवतो. रोज संध्याकाळी ते वाचायचे, स्वल्पविरामासकट, आणि काकू प्रूफ बघायच्या. शेवटचं पान झालं. काकूंनी विचारलं, "आत का जात नाही तो? दिवा लावलाय तिने." कॉम्रेड म्हणाले, "लढ्याला मध्यंतर नसतं." काकू म्हणाल्या, "पण जेवलाय काय तो?"

"हसले रे ते," काकू मला म्हणाल्या. "वाईट नव्हते हसले. पण मग सभांमधून सांगायला लागले. आमच्या घरातून क्रांतीला एकच सूचना आलीय, आधी जेवून घ्या. माणसं हसायची. मी पण समोर बसून हसायचे. तसे विनोदी होते कॉम्रेड."

मी समोरच्या खुर्चीत टेकलो.

"ते यायचे म्हणून निरोप पाठवायचे. मी ताट झाकून ठेवायचे. कधी यायचे, कधी पुढच्या पुढे निघून जायचे. आता लढाच तसा, त्याला ते तरी काय करणार? मला पटतच होतं. सगळं पटत होतं. सकाळी मीच ते जेवून कामावर जायचे." त्यांनी कादंबरी मिटली. "सिनेमात तरी जाऊ दे त्याला आत."

इतकी वर्षं मी या बाईंना खडूस प्रूफरीडर समजत होतो, आणि आळीत तसं हसून सांगतही होतो.

शूटिंग झालं ते रत्नागिरीहून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात. घर मिळालं होतं अगदी कादंबरीत आहे तसं. दुपारी दोन वाजता सगळ्या खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली होती. आत उकाडा असह्य झाला होता, बाहेर कोंबड्या ओरडत होत्या आणि साउंडवाला हात जोडून त्यांना हाकलत होता. काकू घरून डबा घेऊन आल्या होत्या. आर्ट डिपार्टमेंटने केलेली पिठी त्यांनी चमच्यावर घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली. त्यांना एक खुर्ची दिली होती, मॉनिटरच्या मागे. पिशवी मांडीवर होती, पण त्यांनी पुस्तक बाहेर काढलं नाही.

मुरारीचं काम करणारा नट उंच, हडकुळा, गुणी मुलगा होता. कडी वाजली, तो आत आला, पाटावर बसला, चंद्राने वाढलं. त्याने भात कालवला, घास घेतला, दुसरा घेतला. "कट," तन्मय ओरडला. ताट उचललं, नवीन ताट आलं. परत कडी, परत पाट, परत दोन घास. परत कट. या धंद्याची ही रीतच आहे, ताट भरायचं आणि पोट रिकामं ठेवायचं, असं मला लाइटवाल्याने सांगितलं. काकूंना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दर वेळी ताट उचललं की त्या खुर्चीत थोड्या पुढे सरकत होत्या.

शेवटी तन्मय म्हणाला, "कट. ओके. सुंदर." माणसं सैल झाली. चंद्रा झालेली बाई उठून पंख्याकडे गेली. कुणी काळं कापड काढायला खिडकीशी गेलं. तो नट हात झटकून पाटावरून उठायला लागला.

"उठू नको," काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकू डबा घेऊन मॉनिटरच्या मागून पुढे आल्या. वायरी ओलांडताना त्यांचा तोल जातो की काय असं वाटलं, म्हणून मी धावलो, पण त्यांनी हाताने मला बाजूला केलं. गुडघ्यावर हात देत त्या खाली बसल्या, चंद्रा बसली होती तिथेच.

"पान टाकून उठतात काय? जेवून घे."

नटाने तन्मयकडे बघितलं. तन्मयने खिडकीशी गेलेल्या माणसाला हातानेच थांबवलं. दिवे तसेच राहिले, कापड तसंच राहिलं. मग तो मुलगा परत मांडी घालून बसला आणि जेवू लागला. भूक त्यालाही लागली असणार, सकाळपासून त्याने दोन-दोन घासच खाल्ले होते. बांगडा मोडून त्याने भाताबरोबर खाल्ला. पिठी संपली तेव्हा काकूंनी आपल्या डब्यातली वाढली. खोलीत पंचवीसेक माणसं असतील, सगळी उभी होती. त्याने ताट पुढे केलं, तशी काकूंनी आणखी भात वाढला.

त्याचं जेवण होईपर्यंत काकू त्याच्यासमोर बसून होत्या. त्यांनी त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही.